एरिंक बसवरच्या जीएनएसएस डेटात उत्तरेकडे जाताना चूक जास्त, दक्षिणेकडे कमी: रिसीव्हर बिघडलाय की चाचणी?

उंचगगन

नमस्कार मंडळी,

विमानातल्या एका एसबीएएस (उपग्रहावरून दुरुस्तीचे संदेश घेणाऱ्या जीपीएस) रिसीव्हरची अचूकता तपासायचं काम चालू आहे. आकडे हातात आहेत, पण त्यांचा मेळ लागत नाहीये.

सेटअप असा: रिसीव्हरचं आउटपुट एरिंक ४२९ बसवर (विमानातल्या उपकरणांमधल्या डेटाच्या तारेवर) येतं. रेकॉर्डर तिथून चार लेबलं (बसवरच्या शब्दांचे ओळख-क्रमांक) उचलतो: ११० अक्षांश, १११ रेखांश, ०७६ उंची आणि २४७ म्हणजे एचएफओएम (आडव्या चुकीचा रिसीव्हरचा स्वतःचा अंदाज). शब्द बसवर आला त्या क्षणाची यूटीसी वेळ रेकॉर्डर त्याला लावतो; रेकॉर्डरचं घड्याळ जीपीएसवरच जुळवलेलं आहे. संदर्भ म्हणून विमानाच्या पाठीवर दुसरा अँटेना आणि दोन फ्रिक्वेन्सींचा सर्व्हे रिसीव्हर, ५ हर्ट्झ, नंतर पीपीके (बेस स्टेशनच्या नोंदीशी जुळवून मागाहून केलेली अचूक आकडेमोड). बेस स्टेशन १५ किमीच्या आत. दोन्ही अँटेना विमानाच्या मध्यरेषेवर.

जमिनीवर रिसीव्हरचा अँटेना सर्व्हे केलेल्या बिंदूवर आणून एक तास नोंद घेतली. चूक १४ मी. दक्षिणेला आणि ५ मी. पश्चिमेला. उंची साठेक मीटरनी वेगळी. एचएफओएम मात्र २.८ मी. दाखवतोय.

हवेत सरळ उत्तर-दक्षिण रेघा मारल्या, दोन वेगांनी. वेग जमिनीच्या सापेक्ष आहेत. रिसीव्हरची जागा संदर्भाच्या मागे पडते ती अशी:

१८० नॉट, उत्तरेकडे: ४०.४ मी.
१८० नॉट, दक्षिणेकडे: २१.६ मी.
१२० नॉट, उत्तरेकडे: ३१.३ मी.
१२० नॉट, दक्षिणेकडे: १२.१ मी.

बाजूची चूक सरासरी ९ मी., विमान कुठेही जात असो, कायम पश्चिमेलाच.

उत्तर-दक्षिण फरक वाऱ्यामुळे असेल का? आणि अहवालात टिकेल अशी चाचणी करायची तर काय बदलावं? पास-नापासचा आकडा कुठला धरायचा, तेही सांगा.

दशांशचिन्ह

आधी एक सांगा. जमिनीवरच्या तासाभरात अक्षांशाचा आकडा किती वेळा बदलला?

उंचगगन

एकदाही नाही. ३६०० ओळींत अक्षांश शेवटच्या बिटपर्यंत तोच. रेखांशही तसाच.

दशांशचिन्ह

मग रिसीव्हरला सोडा, तुम्ही अर्धाच आकडा वाचताय. खऱ्या आकाशाखाली कुठलाही रिसीव्हर तासभर इतका गप्प बसत नाही. दहा-वीस सेंटीमीटर तरी हलणारच.

लेबल ११० मध्ये अक्षांशाचे वरचे २० बिट असतात. १८० अंशांना २ च्या २० व्या घाताने भागलं की एक पायरी ०.०००१७१६६ अंशांची येते, म्हणजे जमिनीवर १९.१ मी. उरलेले ११ बिट लेबल १२० मध्ये येतात आणि रेखांशाचे लेबल १२१ मध्ये. दोन्ही जोडले की पायरी ९ मिलिमीटरवर येते. रेखांशाच्या पायरीला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, त्यामुळे ती विषुववृत्तापासून दूर लहान होत जाते.

खरी गंमत पुढे आहे. वरच्या शब्दात आकडा पूर्णांकित केलेला नसतो, नुसता छाटलेला असतो. ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (बिटांत ऋण आकडे लिहायची रीत) असल्यामुळे छाटणी कायम ऋण दिशेलाच होते, म्हणजे पृथ्वीवर कुठेही असा, जागा दक्षिणेला आणि पश्चिमेलाच सरकते. उभ्या विमानात ही सरक ० ते १९ मी. मधली कुठलीही एक ठरावीक किंमत असते. तुमच्या बिंदूवर ती १४ निघाली. उडत्या विमानात शेकडो पायऱ्या ओलांडल्या जातात, म्हणून सरासरी अर्ध्या पायरीवर बसते: ९.५ मी. उत्तरेकडे जाताना ही सरक तुम्हाला 'मागे' दिसते, दक्षिणेकडे जाताना 'पुढे'. फरक दुप्पट, १९ मी. तुमचेच आकडे बघा: ४०.४ वजा २१.६ म्हणजे १८.८, आणि ३१.३ वजा १२.१ म्हणजे १९.२. बाजूची पश्चिमेची ९ मी. चूकही त्यातलीच. वाऱ्याचा इथे काही संबंध नाही.

जोडताना दोन गोष्टी सांभाळा. वरचा आणि खालचा शब्द एकाच क्षणाच्या मोजमापातले हवेत. नवीन ११० ला मागच्या सेकंदाचा १२० जोडला तर पायरी ओलांडताना १९ मी. चे काटे आलेखात उभे राहतात, आणि मग लोक मल्टिपाथला (परावर्तित होऊन येणाऱ्या सिग्नलला) दोष देत बसतात. दुसरं, एसएसएमचे (शब्दातला डेटा वैध आहे का ते सांगणारे) दोन्ही बिट १ नसतील त्या ओळी हिशोबाआधीच काढा.

उंचीचा प्रश्न याहून साधा. ०७६ ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, पीपीकेची लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची). मधलं अंतर म्हणजे जिऑइड, आणि ते जगभरात उणे १०६ ते अधिक ८५ मी. पर्यंत फिरतं. लेबल ३७० घ्या, ती थेट डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलावरची उंची आहे. ०७६ मधून जिऑइड उलटा वजा करायच्या फंदात पडू नका. रिसीव्हरमधला जिऑइडचा तक्ता बऱ्याचदा ठोकळ असतो आणि त्याची चूक तुमच्या निकालात शिरते.

ध्रुवतारा

दशांशचिन्ह यांच्याशी पूर्ण सहमत. जाता-येता दोन्ही दिशांना रेघा मारल्या म्हणून छाटणी सरासरीत उडून जाते आणि मागे राहण्याचे आकडे वापरण्याजोगे उरतात: १८० नॉटला ३१.० मी., १२० नॉटला २१.७ मी.

यात दोन चुका एकमेकींत मिसळल्यात. वेळेची चूक वेगाच्या प्रमाणात वाढते. दोन अँटेनांमधलं अंतर वेगाकडे बघतसुद्धा नाही. म्हणून वेग आडव्या अक्षावर आणि मागे राहणं उभ्या अक्षावर मांडायचं. १८० नॉट म्हणजे ९२.६ मी. प्रति सेकंद, १२० नॉट म्हणजे ६१.७.

उतार: ९.३ भागिले ३०.९, म्हणजे ०.३० सेकंद.
छेद: २१.७ वजा १८.५, म्हणजे ३.२ मी.

संदर्भाचा अँटेना रिसीव्हरच्या अँटेनापेक्षा साधारण तेवढा पुढे असणार. टेप लावून बघा. नसेल तर कुठेतरी तिसरी भानगड आहे. दोनच बिंदूंमधून नेहमीच सरळ रेघ जाते, त्यामुळे पुढच्या वेळी तिसरा वेग घ्या; प्रत्येक सरासरीत अर्धा मीटर चूक धरली तरी छेद दीड-दोन मीटरने हलतो.

हे ०.३० सेकंद रिसीव्हरच्या माथी मारू नका अजून. जागा ज्या क्षणाची आहे तो क्षण आणि शब्द बसवर आला तो क्षण वेगळे असतात. मधे गणित, मग बसची रांग, मग रेकॉर्डरचा बफर. रिसीव्हरकडून टाइम मार्कची तार येते, सेकंदाला एक पल्स. तिची कड रेकॉर्डरच्या वेगळ्या चॅनेलवर नोंदवा आणि त्या सेकंदातली जागा त्या कडेला बांधा. शब्दाच्या आगमनाची वेळ फक्त लेटन्सी (उशीर) मोजायला ठेवा. लेबल १५० आणि १४० मधली यूटीसी वेळ घेतली म्हणजे कुठली कड कुठल्या सेकंदाची याचाही गोंधळ होत नाही.

लेटन्सीचा आकडा अहवालात स्वतंत्र लिहा, कारण एडीएस-बीला (विमानाने स्वतःची जागा प्रसारित करायच्या यंत्रणेला) तोच लागतो. अमेरिकन नियमात मोजमापापासून प्रसारणापर्यंत जास्तीत जास्त २.० सेकंद आणि भरपाई न केलेली लेटन्सी ०.६ सेकंद, अशी मर्यादा आहे.

पीपीकेची फाइल बहुधा जीपीएस वेळेत असते, आणि ती २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. हे विसरलं तर १८० नॉटला चूक १६६७ मी. दिसते, म्हणून ती लगेच सापडते. फसवते ती एका सेकंदाची किंवा एका नमुन्याची. ५ हर्ट्झच्या फाइलमध्ये एक ओळ सरकली की ०.२ सेकंद, म्हणजे १८ मी., आणि हा आकडा दिसायला अगदी 'जीपीएसची चूक' वाटावा असा.

अँटेनांमधलं अंतर विमानाच्या नाकाच्या दिशेने वळवायचं, मार्गाच्या दिशेने नाही. आडव्या वाऱ्यात नाक १० अंश वळलेलं असेल तर ३.२ मी. चे अर्धा मीटरहून थोडे जास्त बाजूला पडतात. वळणात रोलही घ्यावा लागतो. हेडिंग-रोलची नोंद नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे एकाच अँटेनाला स्प्लिटर लावून दोन्ही रिसीव्हर त्यावर चालवायचे. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये सिग्नल साडेतीन डीबीच्या आसपास घटतो. डीसी फक्त एका बाजूने अँटेनाकडे जाऊ द्यायचा, दुसरी बाजू डीसी ब्लॉक आणि लोड असलेली हवी; नाहीतर दोन रिसीव्हर एकमेकांवर व्होल्टेज ढकलतात किंवा एकजण 'अँटेना फॉल्ट' दाखवतो. अर्थात स्प्लिटर म्हणजे मंजूर इन्स्टॉलेशनमध्ये बदल. त्याची कागदोपत्री परवानगी नसेल तर तो हवेत न्यायचा नाही.

बेंचवरचा

तुम्ही दोघं जे सांगताय ते बरोबर, पण अशा चाचणीतून रिसीव्हरपेक्षा त्या दिवशीचं आकाशच जास्त तपासलं जातं. आयनोस्फिअर शांत, उपग्रह चांगले पसरलेले, की रद्दी रिसीव्हरसुद्धा २ मीटरवर येतो. रिसीव्हरची स्वतःची चूक वेगळी काढायची असेल तर सिम्युलेटर (उपग्रहांचे सिग्नल स्वतः तयार करणारं यंत्र) आणि केबल, दुसरा मार्ग नाही.

क्रम असा ठेवा. सिम्युलेटरपासून रिसीव्हरच्या जॅकपर्यंतच्या केबलचा लॉस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर (जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीवर) मोजा. रिसीव्हर अँटेनाच्या प्रीअँपसाठी (सिग्नल वाढवणाऱ्या भागासाठी) डीसी बाहेर ढकलतो, त्यामुळे मधे डीसी ब्लॉक हवाच. प्रीअँप आता साखळीत नाही, तेव्हा त्याचा गेन सिम्युलेटरच्या पॉवरमध्ये धरायचा. बहुतेकांचं इथेच चुकतं: उणे १३० डीबीएमचा सिग्नल सरळ जॅकला दिला आणि रिसीव्हर उपग्रह पकडेना म्हणून तक्रार. उलट बाजूने, पॉवर वाढवली आणि त्याबरोबर नॉइज वाढवला नाही, तर सी/एन-झिरो (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) आकाशात कधी मिळणार नाही इतका चांगला येतो आणि निकाल खोटा गोड दिसतो. पॉवरवर भरवसा न ठेवता रिसीव्हरने दाखवलेला सी/एन-झिरो जुळवा, आणि त्यासाठी रुंदपट्टी नॉइज सोर्स कंबाइनरमधून घाला.

पहिला रन सगळ्या चुका शून्य ठेवून: आयनो (आयनोस्फिअरचा उशीर) बंद, ट्रोपो (खालच्या वातावरणाचा उशीर) बंद, घड्याळं आणि कक्षा बिनचूक. इथेच अर्धा मीटर ठरावीक सरक दिसली तर पुढे जाऊ नका, सेटिंगमध्ये काहीतरी आहे. बहुधा ट्रोपोच असतो: सिम्युलेटरमध्ये बंद केला, पण रिसीव्हर आपला ठरलेला मॉडेल वजा करतच राहतो. डोक्यावरच्या उपग्रहाला ट्रोपोचा उशीर २.३ ते २.५ मी., ५ अंशांवरच्या उपग्रहाला त्याच्या दहापट. आडवी चूक जेमतेम दिसते, उंची मात्र बेक्कार बिघडते. रिसीव्हरला त्याचा मॉडेल बंद करता येत नसेल तर सिम्युलेटरमध्ये तोच मॉडेल लावा. आयनोचंही तसंच, आणि एक लक्षात असू द्या: क्लोबुचर मॉडेल (जीपीएसचा आयनोसाठी ठरलेला हिशोब) खऱ्या आयनोचा साधारण निम्माच भाग काढतो, तेव्हा सिम्युलेटरने तोच मॉडेल आकाश म्हणून वापरला तर चाचणी फुकट सोपी होते.

एसबीएएस वर्गाची परीक्षा असेल तर सिम्युलेटरने दुरुस्तीचे संदेशही पाठवायला हवेत. नसतील तर रिसीव्हर मुकाट्याने नुसत्या जीपीएसवर चालतो. स्टेटस शब्दात तो कुठल्या मोडमध्ये आहे ते प्रत्येक ओळीला तपासा.

डीओ-२२९ च्या (एसबीएएस रिसीव्हरच्या मानकाच्या) वर्ग २, ३ आणि ४ च्या रिसीव्हरला १०० सेकंदांच्या स्मूदिंगनंतर जीपीएस उपग्रहाच्या स्यूडोरेंजमधला (उपग्रहापर्यंत मोजलेल्या अंतरातला) नॉइज आरएमएसने सर्वांत कमी सिग्नलवर ०.३६ मी. आणि सर्वांत जास्त सिग्नलवर ०.१५ मी. च्या आत हवा. हा रिसीव्हरचा खरा आकडा. जागेच्या चुकीत उपग्रहांची भूमिती मिसळलेली असते, यात नसते. स्मूदिंग बसायला वेळ लागतो, पहिली सहा-सात मिनिटं हिशोबात धरू नका.

ध्रुवतारा

@बेंचवरचा, बेंचवर शेपटी नसते की. टी-टेलवरून परत फिरणारा सिग्नल, पाठीवरच्या इतर अँटेनांची सावली, ५० अंश बँकमध्ये क्षितिजाखाली गेलेले उपग्रह, हे सगळं इन्स्टॉलेशनचं दुखणं आहे आणि ते विमानातच दिसतं. सिम्युलेटरला अँटेनाचा पॅटर्न देता येतो, पण तो पॅटर्न तुमच्या विमानावर मोजलेला नसेल तर कागदावरचा अंदाज.

बेंचवरचा

मान्य. पण आधी बेंच, मग विमान. उलट क्रमाने गेलं की दोष कुणाचा यावर आठवडे जातात.

सांख्यिक

पास-नापासबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एक तास, १ हर्ट्झ, ३६०० नमुने. हे ३६०० नाहीत. १०० सेकंदांच्या स्मूदिंगमुळे शेजारचे नमुने जवळजवळ तेच असतात. असा सहसंबंध असताना स्वतंत्र नमुन्यांची संख्या म्हणजे एकूण वेळ भागिले स्मूदिंगच्या काळाची दुप्पट: ३६०० भागिले २००, म्हणजे १८. अठरा नमुन्यांवरून '९५ टक्के' म्हणणं जरा धाडसाचंच आहे. एकही नमुना हद्दीबाहेर न जाता '९५ टक्के वेळा आत, ९५ टक्के खात्रीने' म्हणायला निदान ५९ स्वतंत्र नमुने लागतात. २०० सेकंदांच्या अंतराने ते ३ तास १७ मिनिटांत मिळतात. एखादा नमुना बाहेर गेला तर संख्या आणखी वाढते.

तेही फक्त नॉइजपुरतं. आयनो, कक्षा आणि घड्याळाच्या चुका तासन्‌तास तशाच राहतात, म्हणून स्थिर चाचणी २४ तासांची करा. मल्टिपाथ ओळखायचा असेल तर सलग दोन दिवस: जीपीएसची भूमिती २३ तास ५६ मिनिटांनी तीच येते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा आलेख ४ मिनिटं सरकवून पहिल्यावर ठेवला की मल्टिपाथच्या लाटा एकावर एक बसतात. बाकी नॉइज बसत नाही.

आकडा लिहिताना कुठला ते लिहा. वर्तुळाकार विखुरलेल्या चुकीसाठी सीईपी (निम्म्या चुका ज्यात मावतात ती त्रिज्या) म्हणजे १.१८ सिग्मा (प्रमाण विचलन) आणि ९५ टक्क्यांची त्रिज्या २.४५ सिग्मा. सीईपी १ मी. म्हणणारा आणि ९५ टक्के २.१ मी. म्हणणारा एकच रिसीव्हर विकतोय.

हद्दीसाठी आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अनेक्स १० मधले आकडे, सगळे ९५ टक्क्यांचे: नॉन-प्रिसिजन अप्रोच २२० मी. आडवे, एपीव्ही-१ ला (उभं मार्गदर्शन असलेल्या अप्रोचला) १६ मी. आडवे, २० मी. उभे; कॅटेगरी-१ ला १६ मी. आडवे, ६ ते ४ मी. उभे. पण हे आकाशातल्या सिग्नलचे निकष आहेत, बिनदोष रिसीव्हर गृहीत धरून. त्यावर रिसीव्हर पास झाला म्हणणं म्हणजे परीक्षा दुसऱ्याची आणि गुणपत्रिका आपली.

रिसीव्हरसाठी मला उपयोगी वाटतात त्या दोन तपासण्या. खरी चूक भागिले एचएफओएम: ९५ टक्के नमुन्यांत १ च्या आत हवी. एचएफओएम ९५ टक्क्यांचाच दावा असल्यामुळे उरलेल्या थोड्यांनी ओलांडली तर चालतं. खरी चूक भागिले एचपीएल (चूक जिच्या आतच राहील अशी रिसीव्हर हमी देतो ती आडवी हद्द), लेबल १३०: इथे १ च्या पुढे एकही नमुना चालत नाही. स्टॅनफर्ड आलेखावर चूक आडव्या अक्षावर आणि एचपीएल उभ्या अक्षावर घ्या. कर्णाच्या खाली पडलेला प्रत्येक ठिपका स्वतंत्र तपासा. आधी वेळ आणि छाटणी तपासा, नव्वद टक्के वेळा ठिपका तिथूनच आलेला असतो.

उंचगगन

१२० आणि १२१ जोडले. जमिनीवरची चूक आता ०.९ मी. उत्तर, ०.४ मी. पूर्व. हवेत उत्तर-दक्षिण फरक अर्ध्या मीटरच्या आत आला. अँटेनांमधलं अंतर टेपने ३.३ मी. टाइम मार्कची तार ओढायचं काम बाकी आहे.

आता बेंचवरचा यांना: रिसीव्हर न काढता, हँगरमध्ये विमानातच सिम्युलेटर जोडला तर चालेल का? हँगरमध्ये जीपीएस रिपीटरही (छतावरच्या अँटेनाचा सिग्नल आत सोडणारा) आहे, स्थिर चाचणी त्याच्यावर होईल का?

बेंचवरचा

रिपीटरवर अचूकतेची चाचणी होत नाही. हँगरमध्ये विमान कुठेही उभं करा, रिसीव्हर छतावरच्या अँटेनाचीच जागा दाखवणार. केबलचा उशीर सगळ्या उपग्रहांना सारखाच, तो घड्याळाच्या चुकीत गिळला जातो. रिपीटर फक्त 'सिग्नल येतोय का' एवढ्यापुरता. सिम्युलेटर चालू असताना तो बंदच ठेवा, आणि विमान दारापाशी असेल तेव्हाही. खरा आणि रिपीट झालेला सिग्नल एकत्र आले की चित्रविचित्र निकाल येतात.

विमानात सिम्युलेटर जोडता येतो, केबलनेच. अँटेनाने हवेत सोडायचा नाही, ते बेकायदेशीरही आहे आणि शेजारच्या विमानालाही फसवतं. जोडण्याआधी ट्रान्सपॉन्डर आणि ईएलटीला (अपघातात संकेत पाठवणाऱ्या यंत्राला) जाणारी जागेची फीड तोडा किंवा त्यांचे ब्रेकर ओढा. नाहीतर एडीएस-बीवर तुमचं उभं विमान दुसऱ्याच ठिकाणी उडताना दिसेल. टॉज (जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा) आणि विमानाचं घड्याळही याच रिसीव्हरवर असतं, ते विसरू नका. अँटेनाची मोकळी केबल टोपी घालून बांधून ठेवा, तिच्यावर डीसी असू शकतो.

सिम्युलेटरची तारीख शक्यतो आजची ठेवा. पुढच्या वर्षाची तारीख देऊन चाचणी केली की रिसीव्हर ती तारीख आणि तो अल्मनॅक (उपग्रहांच्या कक्षांचा ढोबळ तक्ता) मेमरीत जपतो, आणि अँटेना परत लावल्यावर आकाशात नसलेले उपग्रह शोधत बसतो. काही रिसीव्हर १०२४ आठवड्यांचा हिशोब साठवलेल्या तारखेवरून लावतात, ते तर सरळ चुकीच्या दशकात जातात. काम संपलं की मेमरी साफ करून कोल्ड स्टार्ट द्या, मोकळ्या आकाशाखाली न्या आणि नवा अल्मनॅक पूर्ण येईपर्यंत, किमान साडेबारा मिनिटं, चालू राहू द्या.

ध्रुवतारा

विमान बाहेर काढलंच आहे तर व्हीएचएफची (संभाषणाच्या रेडिओची) तपासणी उरकून घ्या, ती बेंचवर होत नाही; काही चॅनेलांच्या फ्रिक्वेन्सीची पट थेट जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीवर पडते. १५७५.४२ ला १३ ने भागलं की १२१.१९ आणि १२ ने भागलं की १३१.२९ मेगाहर्ट्झ. म्हणून १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० या चॅनेलांवर प्रत्येक व्हीएचएफ सेटने किमान ३० सेकंद ट्रान्समिट करायचं आणि प्रत्येक उपग्रहाचा सी/एन-झिरो बघत राहायचं. एखाद-दुसऱ्या उपग्रहाचा पडला तर भूमिती तपासा. सगळ्यांचा एकदम पडला तर कॉम अँटेना फार जवळ आहे किंवा त्याच्या कोॲक्सचं शील्ड सैल आहे. १२१.५ च्या (आपत्कालीन फ्रिक्वेन्सीच्या) इतक्या जवळ ट्रान्समिट करण्याआधी टॉवरला सांगा.